मणक्याची गादी सरकल्यावर कायरोप्रॅक्टरकडे जावे का, आणि जायचे तर कसे

कमरेतली कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागे आणि तिथून पोटरीत उतरली, शिंक आली की ती पायात चमकू लागली आणि एमआरआयच्या अहवालात ‘एल४-एल५’ किंवा ‘एल५-एस१’ ही कमरेच्या तळाच्या मणक्यांची अक्षरे दिसली, की घरात प्रत्येकाजवळ एक सल्ला तयार असतो. कोणी हाडवैद्याचा पत्ता देते, गावाकडची आत्या पायाळू माणूस शोधायला सांगते, कोणी चादर बांधून वजन लावण्याचा उपाय सुचवते, आणि पुतण्या मोबाइलवर एक रील दाखवतो, ज्यात कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणक्यांना झटका किंवा दाब देऊन उपचार करणारा, रुग्णाची कंबर वळवतो, कडकड आवाज होतो आणि रुग्ण हसत उठून बसतो. ती रील पाहून फोन करण्याच्या बेतात असलेल्या माणसाने त्याआधी काय तपासावे, फोन केलाच तर काय विचारावे आणि टेबलावर झोपल्यावर कशाला नकार द्यावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. कायरोप्रॅक्टरकडे कधीच जाऊ नये, असे मी म्हणत नाही. मात्र सरकलेली गादी जागेवर बसवून घेण्यासाठी जाणार असाल, तर जाऊ नका, कारण ते काम कोणाच्याही हाताने होत नाही. वेदना थोडी उतरावी आणि चालणे-फिरणे लवकर सुरू व्हावे, एवढ्या माफक अपेक्षेने आणि पायाच्या नसा नीट तपासून घेतल्यानंतर जाणार असाल, तर तो एक विचार करण्याजोगा पर्याय आहे.

गादी सरकते म्हणजे नेमके काय होते

मानेपासून कमरेपर्यंतच्या मणक्यांमध्ये एकूण २३ गाद्या असतात. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये मात्र गादी नसते. प्रत्येक गादीच्या मध्यभागी पाण्याचे प्रमाण भरपूर असलेला मऊ गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंचे साधारण १५ ते २५ थर एकमेकांना तिरके गुंडाळलेले असतात. ही गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला इतकी घट्ट चिकटलेली असते, की ती कपाटातल्या वहीसारखी बाहेर सरकूच शकत नाही. ‘गादी सरकली’ हा बोलण्यातला शब्द आहे. प्रत्यक्षात बाहेरच्या थरांना चीर पडते आणि आतला गर त्या चिरेतून मागे, बहुधा थोडा एका बाजूला, ढकलला जातो. तिथेच पायाकडे जाणारी नस असते. तिच्यावर दाब पडतो, आणि गराच्या संपर्काने तिला सूजही येते. म्हणूनच बाहेर आलेल्या गराची गाठ लहान असूनही कळ असह्य असू शकते आणि गाठ तेवढीच राहूनही सूज उतरल्यावर कळ जाऊ शकते.

‘मणक्यात गॅप पडला’ हा आपल्याकडचा आणखी एक आवडता शब्द. गंमत अशी, की झिजलेल्या गादीची उंची कमी होते, म्हणजे एक्स-रेवर दोन मणक्यांमधली जागा वाढलेली नसून घटलेली दिसते. गॅप ‘भरून देतो’ असे सांगणाऱ्याकडे पाठ फिरवण्यास एवढी एक माहिती पुरेशी आहे.

कमरेतील गादीच्या दुखापतींपैकी दहात नऊहून अधिक दुखापती सर्वांत खालच्या दोन गाद्यांच्या असतात, कारण वाकण्याचा आणि वजनाचा सर्वाधिक भार तिथे येतो. गादीतला गर नस दाबून पायात कळ आणतो, ही गोष्ट बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखानंतर वैद्यकात सर्वमान्य झाली. कायरोप्रॅक्टिक त्यापूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे अस्तित्वात होते. हा कालक्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ती पद्धत गादीच्या आजारासाठी जन्माला आलेलीच नव्हती.

सर्वांत आधी: ही चिन्हे असतील तर कोणाकडूनही पाठ वळवून घेऊ नका

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा खाली उतरतो. मोठ्या गाठीने हा संपूर्ण जुडगा दाबला गेला, तर लघवी, शौच आणि लैंगिक संवेदना यांचे नियंत्रण कायमचे जाऊ शकते. अशा वेळी उपचाराचा हिशोब तासांत करावा लागतो, आणि शस्त्रक्रिया पहिल्या ४८ तासांत झाली तर नसा सावरण्याची शक्यता अधिक असते. चिन्हे ओळखणे कठीण नाही, पण संकोचामुळे ती सांगितली जात नाहीत, म्हणून येथे स्पष्ट लिहितो: सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर होणे, शौचानंतर धुताना पाण्याचा किंवा हाताचा स्पर्श न जाणवणे, लघवी तुंबणे किंवा ती झाल्याचे न कळणे, शौचावर ताबा न राहणे, आणि कळ एका पायाऐवजी दोन्ही पायांत उतरणे. यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता मेंदू किंवा मणक्याची शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

दुसरे चिन्ह पायाच्या ताकदीचे. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि ते कळतही नाही, जिना चढताना पाऊल अडकते, अंगठा वर उचलता येत नाही, असे होत असेल आणि ते दिवसागणिक वाढत असेल, तर तो नस कमकुवत होत असल्याचा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली कायरोप्रॅक्टिकच्या प्रशिक्षण आणि सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. गादी बाहेर आलेली आहे आणि नसेचे काम उत्तरोत्तर बिघडत आहे, अशा रुग्णाच्या मणक्याला झटका देऊ नये, असे त्यांत निःसंदिग्धपणे म्हटले आहे. म्हणजे हा नियम त्या पद्धतीच्या विरोधकांनी घातलेला नसून, ती सुरक्षितपणे चालावी म्हणून केलेल्या दस्तऐवजातलाच आहे.

झटका कोणाला देऊ नये, याच्या त्याच दस्तऐवजातल्या यादीत मणक्याच्या क्षयरोगाचाही उल्लेख आहे, आणि आपल्या देशात त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. संध्याकाळी अंगात कसर, भूक मंदावणे, वजन उतरणे, आडवे पडल्यावरही न थांबणारी रात्रीची पाठदुखी आणि एकाच मणक्यावर बोट ठेवले की होणारी कळ, असे असेल तर गादीचा विचार बाजूला ठेवून आधी क्षयाची तपासणी करून घ्यावी. क्षयाने पोखरलेल्या हाडाला दिलेला झटका मणका खचवू शकतो. पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर पाठ दुखू लागणे आणि हाडे ठिसूळ झालेली असणे, हीसुद्धा थांबण्याचीच कारणे आहेत. सांधेदुखीसाठी अनेक महिने कोणाकडून तरी आणलेल्या निनावी पुड्या घेतल्या असतील तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगावे, कारण अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड असण्याची शक्यता असते आणि दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात.

पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घेण्याच्या प्रथेबद्दल वेगळे लिहिण्याची गरज पडू नये. साधी उसण बहुतेक वेळा आपोआपच आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, त्यामुळे श्रेय लाथेला मिळते. गादी फाटलेली असताना मात्र ही लाथ महागात पडू शकते.

नस तपासणे: घरी काय पाहावे, डॉक्टरांकडून काय करून घ्यावे

कोणाच्याही टेबलावर झोपण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञ, मेंदू-मणक्याचे डॉक्टर किंवा निदान घरचे एमबीबीएस डॉक्टर यांच्याकडून एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी. तिला फारशी साधने लागत नाहीत. उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय उचलताना साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ उतरते का, गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाय उडतो का, पायाच्या कोणत्या भागावर स्पर्श कमी लागतो, आणि अंगठा व पाऊल यांची ताकद किती आहे, एवढे पाहिले की बहुधा नेमकी कोणती नस दाबली गेली आहे ते सांगता येते. एल४-एल५ची गादी साधारणपणे पाचव्या कंबरनसेला त्रास देते. तिची कळ किंवा मुंग्या पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे जातात आणि टाचांवर चालताना त्या पायाचा चवडा खाली पडतो. एल५-एस१ची गादी त्याखालच्या नसेला दाबते; तेव्हा मुंग्या पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीकडे जातात आणि एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच वारंवार उचलता येत नाही.

टाचांवर चालणे आणि चवड्यावर उभे राहणे या दोन गोष्टी भिंतीजवळ, आधाराला माणूस ठेवून, घरीही पाहता येतात. आज काय दिसले ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे, कारण पुढे उपचार चालू झाल्यावर ताकद वाढते आहे की घटते आहे हे स्मरणावर सोडणे बरोबर नाही.

एमआरआयच्या बाबतीत दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे, दुखणे सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशीच तो काढणे. वर सांगितलेली धोक्याची चिन्हे नसतील, तर काही आठवडे थांबण्यात काहीच बिघडत नाही. दुसरी चूक म्हणजे अहवालातील प्रत्येक शब्दाला आजार समजणे. पाठ कधीच न दुखलेल्या लोकांच्या एमआरआयचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांत आढळली, तर फुगलेली गादी विशीत ३० टक्के आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांत. तेव्हा एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसणे हे डोक्यावर पांढरे केस दिसण्यासारखेही असू शकते. चित्रातली गाठ ज्या नसेवर आहे, त्याच नसेच्या वाटेने तुमची कळ जाते का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर हातोडी व टाचणी घेऊन तपासणाऱ्या डॉक्टरकडे असते.

काही न करता काय होते, हे माहीत असू द्या

कोणत्याही उपचाराचा गुण मोजायचा, तर उपचाराविना काय घडले असते ते ठाऊक हवे. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच खाऊन टाकते: पांढऱ्या पेशी त्याला परकी वस्तू समजून हळूहळू विरघळवतात. २०१५ च्या एका संकलनात असे दिसले, की गराचा तुकडा पूर्ण सुटून पडलेला असेल तर ९६ टक्के रुग्णांत, गर थरांबाहेर आलेला पण गादीशी जोडलेला असेल तर ७० टक्के रुग्णांत गाठ आपोआप कमी झाली, तर नुसत्या फुगलेल्या गादीत हे प्रमाण १३ टक्केच होते. अहवालात सर्वांत भयंकर वाटणारी गाठच विरघळण्याची शक्यता सर्वाधिक, असा हा उलटा न्याय आहे.

नेदरलँड्समध्ये ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका (कमरेतून पायात उतरणारी कळ) असलेल्या २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना वाट पाहणाऱ्यांपेक्षा आराम लवकर पडला. पण वर्षाअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के लोक बरे झालेले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मधल्या काळात शस्त्रक्रिया करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. ज्याला बारा आठवड्यांनंतरही रात्री झोप लागत नाही, त्याने ऑपरेशनच्या भीतीने कायरोप्रॅक्टरच्या पंचविसाव्या भेटीला जावे, असा यातून अर्थ काढू नये.

कायरोप्रॅक्टर काय करतो आणि त्याने किती गुण येतो

अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी चुंबकीय उपचार करणाऱ्या डॅनियल डेव्हिड पामर याने १८९५ मध्ये हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याचे गेलेले ऐकू येणे परत आले, अशी या पद्धतीच्या जन्माची कथा सांगितली जाते. कानाची नस पाठीतून जातच नाही, पण त्या कथेवर ‘मणका किंचित सरकल्याने सर्व रोग होतात’ असा सिद्धांत उभा राहिला. आजचे अनेक सुशिक्षित कायरोप्रॅक्टर तो सिद्धांत मानत नाहीत आणि स्वतःला पाठ व मानेच्या दुखण्यापुरते मर्यादित ठेवतात. काही मात्र अजूनही मधुमेहापासून दम्यापर्यंत सर्व काही मणक्यातून बरे करण्याचा दावा करतात. तुमच्यासमोरचा माणूस यांतला कोणता आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते.

रीलमधला ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. मणक्यांच्या मागच्या लहान सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटक्याने दूर झाले की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो, बोटे मोडल्यावर येतो तसाच. आवाज झाला की नाही यावर आराम अवलंबून नसतो. झटक्यानंतर काही काळ स्नायू सैल पडतात आणि दुखण्याची जाणीव मंदावते, म्हणून लगेच मोकळे वाटते. ते वाटणे खरे असते. त्याचे दिलेले कारण तेवढे खरे नसते.

पुरावा काय सांगतो? साध्या, नव्या कंबरदुखीत हाताने केलेल्या उपचाराने माफक आराम पडतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने औषधांपूर्वी विचारात घेण्याच्या उपायांत शेक, मसाज आणि अ‍ॅक्युपंक्चर यांच्याबरोबर त्याचा समावेश केला. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, एकटा देऊ नये. पण साधी कंबरदुखी वेगळी आणि गादीमुळे पायात उतरलेली कळ वेगळी. दुसरीसाठी पुरावा बराच विरळ आहे. इटलीत १०२ रुग्णांवर झालेली, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी त्यांतल्या त्यात लक्षणीय आहे: खरा उपचार मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांची पायातील कळ पूर्ण गेली, तर नुसते हात लावून उपचाराचा आभास दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होते, कमरेतील दुखणे पूर्ण जाण्याचे आकडे अनुक्रमे २८ आणि ६ टक्के होते. दोन्ही गटांच्या एकंदर जीवनमानाच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही. हा उपयोग नाकारण्याजोगा नाही, आणि जाहिरातीत मावेल इतका मोठाही नाही.

कोणाकडे जावे

अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायरोप्रॅक्टरला परवाना लागतो. पहिला कायदा कॅन्ससने १९१३ मध्ये आणि शेवटचा लुइझियानाने १९७४ मध्ये केला. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणाला स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही. भारतात मात्र या व्यवसायासाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईत पाटी पाहून जाताना पारख करण्याचे काम रुग्णावरच येते.

फोनवरच विचारावे: पदवी कोणत्या संस्थेची आहे आणि शिक्षण किती वर्षांचे होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पूर्ण शिक्षण म्हणजे चार वर्षांत किमान ४,२०० तास, आणि त्यांतले किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. चार दिवसांच्या कार्यशाळेचे चौकटीतले प्रमाणपत्र त्याच्या आसपासही येत नाही. उत्तर देताना समोरचा चिडला, तर ते उत्तरच समजावे. पूर्ण शिकलेला कायरोप्रॅक्टर तुमच्या शहरात नसेल, तर त्यासाठी वणवण करण्याची आवश्यकता नाही. हाताने सांधे मोकळे करण्याचे प्रशिक्षण अनेक फिजिओथेरपिस्टनीही घेतलेले असते, आणि महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक मागता येतो. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांसाठी हाच मार्ग अधिक सरळ आहे.

मुलांकडे सहा महिने अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत वेगळी अडचण येते. तिथे कायरोप्रॅक्टर कोपऱ्यावर असतो, डॉक्टरची भेट महाग आणि उशिरा मिळते, म्हणून मुलगा त्यांना थेट तिकडे नेतो. अशा वेळी साठी-सत्तरीतल्या आईच्या हाडांची घनता कधी तपासली आहे का, वडील रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात का, आणि प्रवासी विम्यात जुन्या आजाराचे उपचार वगळले आहेत का, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत.

पहिल्या भेटीत

एमआरआयची फिल्म आणि अहवाल, चालू औषधांची यादी आणि ताकदीची नोंद असलेली वही बरोबर न्यावी. चांगला उपचारक अर्धा वेळ विचारण्यात आणि तपासण्यात घालवतो: तो हातोडी काढतो, पायाची ताकद पाहतो, लघवीबद्दल विचारतो आणि गरज वाटली तर हात न लावता परत पाठवतो. पाय न तपासता थेट टेबलावर झोपवणाऱ्याकडून उठून यावे, दिलेले पैसे गेले तरी चालतील. सर्व मणक्यांचा एक्स-रे काढून त्यावर रेघा मारून ‘इथे सरकले आहे’ असे दाखवणाऱ्यापासूनही सावध राहावे. एक्स-रेत गादी दिसतच नाही, आणि उभे राहण्याच्या पद्धतीतल्या जराशा फरकाने त्या रेघा बदलतात.

मग स्पष्ट विचारावे, की तुम्ही कोणते तंत्र वापरणार आहात. कुशीवर झोपवून, वरचा गुडघा दुमडून, खांदा मागे आणि कंबर पुढे अशी पिळून दिलेला झटका ही नेहमीची पद्धत आहे. गादीच्या थरांचे तंतू तिरके विणलेले असल्याने पिळताना त्यांतले निम्मे ताणले जातात आणि निम्मे ढिले पडतात. ज्या गादीला ताजी चीर आहे, तिला पिळण्याची घाई मी करणार नाही. मधोमध दुमडणाऱ्या टेबलावर पालथे झोपवून, कंबर हळूहळू ताणत आणि सोडत केलेला उपचार, किंवा सांध्यांवर लयीत दिलेला हलका दाब, हे पर्याय उपलब्ध असतात आणि ते मागून घेता येतात. ‘मला झटका नको’ एवढे वाक्य पुरे. त्यावर वाद घालणारा उपचारक तुमच्यासाठी नाही.

मानेला झटका मात्र कमरेच्या दुखण्यासाठी कोणत्याही परिस्थितीत देऊ देऊ नये. ‘आलोच आहात तर मानही मोकळी करून देतो’ हे वाक्य हमखास ऐकू येते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर जातात, आणि झटक्यानंतर त्यांच्या भिंतीला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ती विरळ आहेत हे खरे, पण कंबर दुखत असताना ती जोखीम घेण्याचे कारणच काय? हनुवटीखाली पट्टा अडकवून डोके हिसकणाऱ्या प्रकाराला आणि न्हाव्याच्या खुर्चीत मान मोडून घेण्याच्या सवयीलाही हेच लागू आहे. मानेला झटका बसल्यानंतर कधी न झालेली डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणे किंवा बोलताना जीभ जड होणे जाणवले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

किती भेटी, आणि गुण कसा ओळखावा

उपचारानंतर एखादा दिवस अंग ठणकणे नेहमीचे आहे. जवळजवळ निम्म्या लोकांना ते होते आणि बहुधा चोवीस तासांत जाते. कळ कुठे आहे, याकडे अधिक लक्ष द्यावे. ती पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात आणि शेवटी फक्त कमरेत येऊन थांबू लागली, तर कंबर काही काळ जास्त दुखली तरी ते सुधारणेचे लक्षण आहे. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५० च्या दशकात हे हेरले आणि त्यावर व्यायामाची पद्धत बसवली. याउलट कंबर हलकी झाली पण कळ पावलापर्यंत उतरली, तर उपचार त्याच क्षणी थांबवावा, उपचारक कितीही धीर देत असला तरी.

चोवीस किंवा छत्तीस भेटींचे पैसे आगाऊ भरू नयेत. दोन ते चार आठवड्यांत पाच-सहा भेटी घ्याव्यात, वहीतली नोंद पुन्हा तपासावी. चालण्याचे अंतर वाढले नसेल आणि झोप सुधारली नसेल तर तो मार्ग आपला नाही असे समजून डॉक्टरांकडे परतावे. गुण आला, तरीही दर महिन्याला ‘मणका जागेवर ठेवण्यासाठी’ जाण्याची गरज नसते.

टेबलावरच्या वीस मिनिटांबाहेरचा दिवस

गादीला प्रौढ वयात जवळजवळ रक्तपुरवठा नसतो. तिला पोषण मिळते ते दाब पडणे आणि सुटणे यांतून, स्पंजासारखे झिरपून. म्हणून महिनाभर पलंगावर पडून राहण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. असह्य कळेच्या पहिल्या एक-दोन दिवसांत गुडघ्यांखाली उशी घेऊन पडावे, मग सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटे, दिवसातून अनेकदा चालावे. रात्रभर पाणी शोषून गादी सकाळी फुगलेली असते, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकणे टाळावे: केर, फरशी, बादली आणि सूर्यनमस्कार नंतर. तीव्र दुखण्यात पश्चिमोत्तानासन आणि हलासन नकोच. पालथे पडून कोपरांवर छाती उचलणे, म्हणजे अर्धे भुजंगासन, अनेकांना मानवते, पण तेही कळ वर सरकत असेल तरच चालू ठेवावे. वयस्कर माणसाला उभे राहिल्यावर पाय भरून येत असतील आणि पुढे झुकल्यावर बरे वाटत असेल, तर त्याचा आजार बहुधा मणक्याची नळी अरुंद झाल्याचा असतो. त्याने मागे वाकण्याचे व्यायाम करू नयेत. शौचाला कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरावी, जमिनीवरची पंगत काही आठवडे सोडावी, आणि दुचाकीवर मागे बसून खड्ड्यांचा रस्ता धरू नये.

वजन उचलण्याबाबत जर्मनीत १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून घेतलेली मापे बोलकी आहेत. आडवे पडल्यावर दाब सुमारे ०.१ मेगापास्कल होता, उभे राहिल्यावर ०.५, २० किलोंचे ओझे पाठीत वाकून उचलताना तो २.३ पर्यंत गेला, गुडघे वाकवून उचलताना १.७ झाला आणि तेच ओझे अंगाशी धरून उभे राहिल्यावर १.१ वर आला. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसह त्याचे वजन ३० किलोंच्या आसपास जाते. पायातली कळ जाऊन तीन महिने होईपर्यंत तो उचलू नये. दाराशी आलेला सिलिंडर ओट्याखाली नेऊन ठेवण्याची विनंती आणणाऱ्यालाच करावी, आणि तो गेल्यानंतर बदलण्याची वेळ आली तर टाकी तिरकी करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यावी.